पुलावरून नगर आधी सखूने पाहिलं

सखूचे पाय पुलाच्या बाहेर गेले होते. कमरेपासून वरचं अंग आत होतं, आणि तिच्या कमरेला बांधलेली ताडपत्री बाहेर वाऱ्यात फुगून तिला ओढत होती. मी बूड टेकून, कठड्यासाठी उभ्या केलेल्या सळयांना पाय रोवून, तिचे दोन्ही दंड धरून मागे रेलले होते. खाली नगरचा रस्ता होता. धुळीचा लोट उठला होता, त्यामुळे खालची सगळी माणसं डोळे चोळत होती. वर कुणी बघत नव्हतं.

"आक्का, सोडू नको गं," सखू म्हणाली.

"गप. बोलू नको. बोललीस की तुजं वजन वाढतंय."

खरं म्हणजे बोलल्याने वजन वाढत नाही. पण मला तिचा आवाज नको होता.

सखू ही माझी धाकटी जाऊ. तिचा मला पहिल्यापासून हेवा. त्या दुपारी तिचे दंड धरले होते तेव्हाही होता, आज ती माझ्या ओट्यावर बसून चहा पिते तेव्हाही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना मी कुणाला फार भली बाई वाटायला नको.

काम काय होतं ते सांगते. नगर शहरात रस्त्याच्या डोक्यावरून जाणारा लांबलचक पूल बांधला. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. त्या पुलाला पाणी मारायला आम्ही होतो. खर्ड्याच्या बाजूच्या आमच्या गावातून बायकांची एक टोळी मुकादमाने नेली होती. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जन्मभर मातीकाम, खडीकाम, पाझर तलाव, रस्ते असंच केलं. वय झाल्यावर पाट्या उचलेनात, तेव्हा पाणी मारण्याचं काम मिळालं. म्हाताऱ्यांचं हलकं काम म्हणतात त्याला. भरलेला पाईप दिवसभर ओढून बघा, मग हलकं म्हणा.

लोकांना वाटतं, सिमेंट वाळलं की पक्कं होतं. उलटं आहे. काँक्रीट ओतलं की ते आतून तापतं. हात ठेवला तर उन्हात ठेवलेल्या हंड्यासारखं लागतं. तेव्हापासून पुढे कितीतरी दिवस त्याला ओलं ठेवावं लागतं. वर गोणपाट अंथरायचं, भिजवायचं, ते वाळायच्या आत पुन्हा भिजवायचं. वाळू दिलं की केसासारख्या बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यात वारा सुटला की गोणपाटावर ताडपत्री टाकायची, म्हणजे ओल धरून राहते. एवढंच काम. त्यात शिकण्यासारखं फार नाही, विसरून चालण्यासारखंही नाही.

ह्या कामात दोन जागा असतात. खालची आणि वरची. खालच्या बाईने टँकर आला की टाकी भरून घ्यायची, मोटर चालू-बंद करायची, खांबांना पाणी मारायचं. खाली धूर, हॉर्न, आणि अंगावर शिंतोडे उडाले म्हणून भांडायला येणारे मोटरसायकलवाले. वरच्या बाईने पाईप घेऊन पुलावर हिंडायचं. वर वारा असतो. वर मुकादमाचा आवाज पोचत नाही. आणि वरून नगर दिसतं.

मुकादमाने मला खाली लावलं, सखूला वर.

मी विचारलं, "तिला वर का?"

मुकादम म्हणाला, "आक्का, तुमाला भांडता येतंय. खाली भांडनारं मानूस लागतं. सखुबाईला कुनी बी गप करल."

खोटं. सखूला जगात अजून कुणी गप केलेलं नाही. आमच्या सासूला जमलं नाही, दिराला जमलं नाही.

दुपारी भाकरी खायला ती खाली यायची आणि सुरू व्हायची.

"आक्का, आज किल्ला दिसला. पर वरनं किल्ला न्हाईच दिसत. निस्ती झाडांची परडी दिसती."

"खा गप."

"आन लांब डोंगरावर त्यो चांदबीबीचा महाल हाय ना, मापटं उपडं घातल्यावानी दिसतो. मिनार, चर्चचं टोक, समदं एका वळीत. आन गच्च्या! गच्च्यांची तर लई मजा हाय. एक बाई हाय, रोज कुरडया घालती. हात लई सुबक तिचा. शेजारच्या गच्चीवर एक म्हातारा टाकीच्या आडोशाला बिडी वडतो. सुनेला चोरून. मला बघितलं की हात करतो."

"तुला कशाला हात करतो?"

"मी एकलीच हाय ना त्याला बघनारी."

सगळ्या बाया हसायच्या. माझ्या तोंडातली भाकरी कोरडी व्हायची. मी वर मान करून बघायचे. खालून पुलाचं फक्त पोट दिसतं. सिमेंटचं करडं पोट, आणि त्यावर पाण्याचे ओघळ. ते पाणी मीच वर चढवलेलं असायचं.

मला काही देखाव्याचं वेड नाही. खर्ड्याच्या किल्ल्यावर लहानपणी शेळ्यांमागे रोज चढत होते, तिथल्या बुरुजावरून कधी नीट बघितलं नाही. सूर्य बुडायला लागला की शेळ्या मोजायच्या आणि उतरायचं. नगर तर मला खालून पाठ होतं. पण सखूने वरून बघितलं आणि मी नाही, हे मला सहन होत नव्हतं. रात्री पत्र्याच्या शेडमध्ये ती झोपेत कूस बदलायची तेव्हासुद्धा वाटायचं, हिच्या डोळ्यांत ते सगळं आहे आणि माझ्या डोळ्यांत खांब आहेत.

वर सखूच्या जोडीला टोळीतली आणखी एक बाई असायची. तिची लेक बाळंत झाली म्हणून ती गावी गेली. त्याच सकाळी मी मुकादमापुढे जाऊन उभी राहिले.

"खाली भांडून भांडून घसा बसलाय माजा. आता मला वर घाल. न्हाईतर आजपासनं तुज्याशीच भांडते."

तो म्हणाला, "चढा बाई, चढा."

वर गेले. पहिली गोष्ट काय झाली असेल, तर सखू मला जागा दाखवायला लागली. जणू तिच्या बापाचं शिवार. "हिकडं ये, हितनं बघ. तिकडनं न्हाई दिसायचं." मी मुद्दाम तिकडूनच बघितलं. ती डावीकडे हात करायची, मी उजवीकडे मान वळवायचे. मला काहीतरी असं सापडायला पाहिजे होतं, जे सखूने सांगितलेलं नाही. फार शोधलं. शेवटी एका पत्र्याच्या छपरावर मला चपला दिसल्या. चपला, चेंडू आणि एक अख्खी बादली. ती तिथे कुणी टाकली असेल देव जाणे. मी खूश झाले.

"सखे, त्या पत्र्यावर बघ. चपला."

तिने मानही वर केली नाही. "लाल पट्ट्याची का? ती पावसाळ्यापासनं हाय तितं."

त्या दिवशी मी तिच्याशी पुन्हा बोलले नाही.

पण खरं ते लिहिते. वर चांगलं होतं. सकाळी ऊन कोवळं असताना गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या ओळीने चमकायच्या. कबुतरं आमच्या खालून उडायची, त्यांच्या पाठी दिसायच्या. कबुतराची पाठ मी तोवर बघितली नव्हती. कुरडयावाली बाई सखूने सांगितली तशीच होती, हात सुबक होता आणि जीभ आमच्यासारखीच. पुलाच्या अगदी समोर तिची गच्ची.

"ओ बाई! तुमच्या पाण्याचे शिंतोडे येतात माझ्या कुरडयांवर!"

मी म्हणाले, "वारा तुमच्याकडं हाय त्याला आमी काय करनार? गच्ची फिरवून घ्या."

दुसऱ्या दिवशी तिने आमच्या बाजूला जुनी साडी बांधून आडोसा केला. सखू माझ्यावर चिडली. "आता काय बघायचं? चांगली कुरडई दिसत हुती रोजची!" मला बरं वाटलं. तिचं एक ठिकाण तरी कमी झालं.

वर आमच्यासोबत युनूसभाई असायचे. नगरचेच, वयाने आमच्याएवढे. कठड्याच्या सळया तारेने बांधण्याचं त्यांचं काम. हातात कायम पक्कड. ती खिशात ठेवताना मी त्यांना कधी बघितलं नाही, चहासुद्धा दुसऱ्या हाताने प्यायचे. ते म्हणायचे, "मावशी, आपण बांधतोय खरं, पण मजा बसमध्ये बसणाऱ्यांची. हा पूल झाला ना, मी पहिल्या बसला खिडकी धरणार."

सखू म्हणायची, "मी तुमच्या म्होरं बसनार."

मी मनात म्हणायचे, दोघांच्या पुढे मी बसणार.

आम्हाला कमरपट्टे दिलेले होते. पट्ट्याला दोरी, दोरीला हूक, तो हूक कडेच्या लोखंडी पाईपला अडकवायचा. पण अडकवला की चार पावलांच्या पुढे जाता येत नाही आणि पाण्याचा पाईप त्यात गुंततो. आम्ही बाया पट्टे काढून पाईपला टांगून ठेवायचो. सुपरवायझर येताना दिसला की घालायचो. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि आमच्या गावाकडची एक रीत आहे. कडब्याची गंज ताडपत्रीने झाकताना वारा असला की ताडपत्रीच्या दोरीचं टोक बाई आपल्या कमरेला बांधते. दोन्ही हात मोकळे राहतात आणि बाईच्या वजनाने ताडपत्री उडत नाही. माझ्या आईने असंच केलं, मी असंच केलं. गंजीवरची ताडपत्री ती केवढी. पुलावरची तिच्या कितीतरी पट मोठी. पण हाताला लागलेली सवय पुढची ताडपत्री केवढी आहे ते बघत नाही.

युनूसभाईंनी दोनदा टोकलं होतं. "कमरेला कशाला बांधता? तो पट्टा बांधा की."

सखू म्हणाली, "भाई, ही आमची जन्माची रीत हाय. पट्टा कालचा हाय."

तेव्हा मीही हसले होते. ह्या एका बाबतीत आम्ही जावाजावा एक होतो.

त्या दुपारी डोंगराच्या बाजूने आभाळ लाल झालं. पाऊस नव्हता, निव्वळ वारा आणि धूळ. आम्ही नव्या टोकाला होतो, तिथे कठडा अजून ओतायचा होता, नुसत्या सळया उभ्या होत्या. खालून मुकादम हातवारे करत होता, ताडपत्री ओढा म्हणून. सखूने दोरीचं टोक कमरेला मारलं, गाठ घातली आणि वाकून गोणपाट सरळ करायला लागली. मी दुसऱ्या टोकाला विटा ठेवत होते. एक झोत आला आणि ताडपत्रीच्या खाली शिरला. माझ्या विटा उडाल्या. ताडपत्री उभी राहिली, भिंतीसारखी, मग कडेवरून बाहेर गेली. सखू तिच्यामागे ओल्या काँक्रीटवरून पाठीवर घसरत गेली. ओरडलीसुद्धा नाही. तिचं कमरेचं हाड सळईवर आपटलं तो आवाज मला वाऱ्यातही ऐकू आला. सळयांच्या मोकळ्या फटीतून ती बाहेर गेलीच असती, पण तिचं लुगडं एका सळईत अडकलं. तेवढ्यात मी पोचले.

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला पुढे पुष्कळांनी विचारलं. काही नव्हतं. दंड धरायला मन लागत नाही.

दोरी काथ्याची होती आणि ओली झाली होती. काथ्या भिजला की फुगतो आणि गाठ दगडासारखी होते. सखू एका हाताने गाठ ओढायला बघत होती.

"हात हलवू नको म्हनलं ना!"

"सुटत न्हाई गं आक्का."

"तू सोडवूच नको. युनूसभाई!"

ते आधीच पालथे झोपून सरपटत येत होते. स्वतःचा पट्टा पाईपला लावलेला होता, तो ताणला तेवढेच पुढे आले. एक हात सखूच्या कमरेपर्यंत पोचला. त्या हातात पक्कड होती. तार कापायची पक्कड ती, दोरी एकदम कापली जात नव्हती. ते एकेक पेड धरून तोडत होते. प्रत्येक पेडाला म्हणायचे, "मावशी, धरून ठेवा. मावशी, धरून ठेवा." माझे हात बधिर झाले होते. धरलंय की सुटलंय हे मला बघूनच कळत होतं, हातांना कळत नव्हतं.

शेवटचा पेड तुटला. ताडपत्री सुटली आणि शहरावरून उडत गेली. मी आणि सखू मागच्या मागे आपटलो. युनूसभाईंनी दोघींच्या पाठीत हात घालून आम्हाला कडेपासून दूर ओढलं. ती ताडपत्री जाऊन पडली कुरडयावाल्या बाईच्या गच्चीवर. संध्याकाळी तिचा निरोप आला, तुमची ताडपत्री न्या आणि कुरडयांचं काय ते बघा.

सखूचं खुब्याचं हाड मोडलं होतं. नगरलाच दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "उद्यापासनं बाया वर न्हाईत. पानी पंपानं मारायचं."

म्हणजे माझं वर जाणं संपलं. जेमतेम सुरू झालं होतं. सखूने पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तीनही वरून बघितले. माझ्या वाट्याला उन्हाळ्याचा एक तुकडा आला, आणि तोही तिच्या गाठीने गेला. दवाखान्यात डबा घेऊन जायचे तेव्हा हे माझ्या डोक्यात असायचं. डबा मात्र चांगला करायचे.

तिथे बायकांची गर्दी. सखू उशीला टेकून सांगत असायची. "मी लोंबत हुते, आन खाली समदं नगर. म्हनलं, मराया हरकत न्हाई आता, एवढं बघितलं."

मी म्हणाले, "तू डोळे मिटले हुते. मी बघत हुते."

"मिटायच्या आदी बघितलं."

"आन मी काय करत हुते ते सांग की."

"आक्कानं धरलं हुतं ना मला," ती बायांना म्हणाली, आणि लगेच पुढे, "पर मिनार काय दिसत हुता उन्हात!"

तिच्या गोष्टीत मी एवढीच. गावी आल्यावर शाळेतल्या गुरुजींनी तिला पोरांपुढे बोलायला बोलावलं. शहर वरून कसं दिसतं ते सांगा म्हणाले. ती तास-दीड तास बोलली. मला कुणी बोलावलं नाही. सखूला अक्षर येत नाही. म्हणून हे मी लिहिते आहे. बोलण्यात तिला कुणी हरवायचं नाही, पण कागदावर ती माझ्या पुढे जायची नाही.

पूल सुरू झाला, गाड्या धावायला लागल्या. मध्ये एकदा सखूचा खुबा दाखवायला आम्ही दोघी नगरला गेलो होतो. दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शहरातली बस पुलावरून जाते म्हणून कळलं. बस आली तशी मी आधी चढले. खिडकी धरणार, तोवर कंडक्टर म्हणाला, "अहो आजी, काठीवाल्या आजींना बसू द्या आधी." सखू काठी टेकत आली आणि खिडकीला बसली.

"सखे, सरक. मला बसू दे तितं."

"मला खुब्याला टेकायला लागतं आक्का. भिंत लागती."

बस पुलावर चढली. पुढच्या बाकावर एक आई पोराला मांडीवर उभं करून दाखवत होती, ते बघ, ते बघ. कॉलेजच्या पोरी फोनने फोटो काढत होत्या. ज्या टोकाला मी पाय रोवून बसले होते तिथे आता कठडा होता, त्याला पिवळा-काळा रंग होता. कुणाला काय माहीत. आणि सखू अख्ख्या बसला ऐकू जाईल अशी सांगत होती. "ती बघा झाडांची परडी, किल्ला हाय त्यो. आन ती गच्ची. आडोसा काडलाय वाटतं बाईनं!" कॉलेजच्या पोरी तिच्याकडे वळल्या. एक म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं माहीत?" झालं. मग काय, पूल संपेपर्यंत तीच.

मला दिसला सखूचा पदर. वारा लागून तो माझ्या तोंडावर येत होता.

परतीला मी काही ऐकलं नाही. बस थांबायच्या आत दांडा धरला, कोपर मारून चढले आणि खिडकी धरली. सखूला कडेला बसवलं. तिचा खुबा दुखला असेल, दुखू दे. खिडकीची काच पदराने पुसून घेतली. कंडक्टरला विचारलं, "पुलावरनंच जाती ना?"

तो म्हणाला, "नाही आजी. ही खालून जाते. खाली थांबे आहेत."

सखू इतकी हसली की तिला ठसका लागला. मी काचेतून खांब बघत आले. एकेक खांब मी भिजवलेला. खाली धूर तसाच, हॉर्न तसेच.

"आक्का, काय दिसतंय?" तिने विचारलं.

"तुला कशाला पायजे?" मी म्हणाले.

युनूसभाईंनी म्हटल्याप्रमाणे पहिल्याच दिवशी बसमध्ये खिडकी धरली होती, असं त्यांनी फोनवर सांगितलं. त्यांचाही मला हेवा वाटला. आता त्यांचे गुडघे गेलेत, ते मुलाच्या दुकानात बसतात. सखू काठी घेऊन चालते. मी धडधाकट आहे. त्या दुपारी पुलाच्या टोकाला आम्ही तिघं होतो, आणि तिघंही जगलो.